उलट्या घड्याळाचं मूळ दुकान

तीर्थस्वरूप काकांना,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच, प्रत्यक्षात खुर्चीतून, कंबर धरली आहे.) तुमचा गुडघा कसा आहे? काकूंचा खोकला थांबला असेल, नाहीतर तुम्हाला त्याची सवय झाली असेल. इकडे सगळं क्षेम आहे, फक्त घरात माझ्याशी कुणी बोलत नाही. त्याला कारण एक घड्याळ.

धंदा तुम्हीच शिकवलात, तेव्हा तुम्हाला वेगळं सांगायला नको. गालावर वस्तरा असतो आणि नेमकी तेव्हाच गिऱ्हाइकाला वेळ बघायची हुक्की येते. घड्याळ मागच्या भिंतीवर, त्यामुळे मान वळते आणि कान धोक्यात येतो. आरशात बघावं तर सगळंच उलटं. मागच्या थंडीत बँकेतल्या साहेबांचा कान असाच थोडक्यात वाचला (रक्त आलं, पण कान जागेवर आहे). त्याला तुरटी लावता लावता माझ्या डोक्यात प्रकाश पडला की घड्याळच उलटं करावं. आकडे उलटे, काटे उलटे फिरणारे, म्हणजे आरशात सुलटं. काका, जन्मभर दुसऱ्यांची डोकी हाताळली, पण माझ्या डोक्यातून काही निघालं ते पहिल्यांदाच.

घड्याळजीकडून तसं घड्याळ करून घेतलं. सुरुवातीला जरा पंचाईत झाली. बायको दोन वाजता डबा घेऊन आली, तिने भिंतीकडे सरळ पाहिलं, दहाच वाजलेले दिसले, तशी परत गेली. पोस्टमनने सकाळी नऊला आत डोकावलं आणि तीन वाजले समजून जो धावत सुटला, तो अजून आमच्या दारात आला की डोळ्यांवर हात धरतो. पण खुर्चीतली मान हलेनाशी झाली आणि माझी ताठ झाली.

आणि मग समोरच्याच्या भिंतीवरही उलटं घड्याळ लागलं. (समोरचा म्हणजे तुमचाच दुसरा चेला. त्याचं नाव घेणं मी सोडलं आहे.) घड्याळजीला जाब विचारला, तर म्हणतो, "इकडचं तिकडे करायची मला सवय नाही. त्यांनीही त्याच आठवड्यात सांगितलं होतं, त्यांच्या इथंही एकाचा कान कापला गेला. पण हे मी कुणाला सांगणार नाही." मी पाटी लावली, 'उलट्या घड्याळाचं मूळ दुकान'. दुसऱ्या सकाळी त्याची पाटी, 'मुळाच्याही आधीचं'. शब्दाने शब्द वाढला. माझ्या मुलीचं त्याच्या मुलाशी ठरलेलं तुम्हाला ठाऊकच आहे; भर रस्त्यात मी बोलून बसलो की चोराच्या घरात मुलगी देणार नाही. तो म्हणाला, चोराची मुलगी हवी कुणाला. लग्न तिथेच अडकलं. तेव्हापासून मुलगी माझ्यापुढे चहाचा कप आदळते, आणि तिची आई अर्धाच भरते.

विचार येतात कुठून, हे मी आता प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारतो. प्राध्यापक म्हणाले, विचार सर्दीसारखे हवेत असतात, एकाच मोसमात दोघांना धरतात. बँकेतले साहेब म्हणाले, माझ्या कानातून आला. (ते हल्ली समोर जातात.) बायको मात्र भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "दोघांच्या पुढे आरसा, दोघांच्या मागे घड्याळ. दुसरं सुचणार काय, कपाळ?" त्यावरून आठवलं. तुमच्या दुकानातही घड्याळ मागेच होतं. गिऱ्हाईक वळलं की तुम्ही त्याची मान धरून सरळ करायचात आणि आम्हा दोघांकडे बघून म्हणायचात, "यावर काहीतरी तोड काढा रे." म्हणजे चोरी झालीच असेल तर तुमच्याकडून झाली आहे, आणि आम्ही दोघांनी मिळून केली आहे.

खरं सांगतो, मला करमत नाही. न्हाव्याला स्वतःचे केस कापता येत नाहीत. दुकानं थाटल्यापासून आम्ही एकमेकांचेच कापत आलो. आता माझे मानेवर आलेत, त्याचे कानांवर. नवं गिऱ्हाईक दोन्ही दारांत डोकावतं, आमची डोकी बघतं आणि पुढच्या चौकात जातं.

तुमचा,
धाकट्या भावाचा थोरला

ता. क. मला एक खरमरीत पत्र लिहा, की मुकाट्याने समोर जा आणि माफी माग. मी आपणहून जाणार नाही, पण तुमचा शब्द मला मोडवत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. चांगलं रागावून लिहा, म्हणजे लोकांना दाखवता येईल.

ता. क. २. आत्ता आरशात दिसलं, समोरचाही कागदावर मान घालून काहीतरी लिहितो आहे. त्याने हीच मागणी केली, तर ती आधी मला सुचली होती हे ध्यानात असू द्या.

ता. क. ३. मुलगी समोर जाऊन त्याचं पत्र घेऊन आली. बऱ्याच दिवसांनी माझ्याशी बोलली ती एवढंच, "पत्ता एकच आहे, पाकिटं दोन कशाला?" दोन्ही पत्रं एकातच घालते आहे. त्याचं मी वाचलेलं नाही. (पहिली ओळ तेवढी दिसली. त्याचीही कंबर धरली आहे.) वरचं पत्र माझं.