आपल्या गावची बोट

१४ सप्टेंबर १९४३

आपली पाणबुडी गेली. आज जर्मन नौदलाच्या कचेरीतून आमच्या पेपरच्या संपादकांना फोन आला, तेव्हा पक्कं झालं. कोणी वाचल्याची खबर नाही. माझा आर्मिन तिच्यात इंजिनावर होता. शेजारच्या वाल्बुर्गाचा लुडोल्फही त्याच बोटीवर.

संपादक क्लेप्श मान खाली घालून म्हणाले, "रेडलिशबाई, पेपरात काही छापायचं नाही. पण चर्चमध्ये वाचायला चाळीस ओळी हव्यात. दुसऱ्या कोणाला सांगू का?"

"नको. मीच लिहिते. चार वाजेपर्यंत देते."

दिल्या. रडू आलं नाही.

१५ सप्टेंबर

गावाने बोट दत्तक घेतली तो दिवस, बोटीच्या वरच्या बुरुजावर रंगवलेलं आपल्या गावचं हरीण, आम्ही बायकांनी पाठवलेले केक, चार मोहिमा, बुडवलेली तीन जहाजं — सगळं त्या चाळीस ओळींत आलं. तिसऱ्या जहाजाची, आर्मिनने सांगितलेली एक ओळ क्लेप्शनी काढली. आर्मिन सुट्टीवर आला होता तेव्हा म्हणाला होता — "आई, पाण्यात माणसं ओरडत होती. आम्ही निघून आलो."

मी वाद घातला नाही.

१९ सप्टेंबर

वाल्बुर्गा चुलीपाशी नुसती बसून. पूर्वी कशी चिडवायची — "तुझा आर्मिन तिथे बटाटे सोलतो, आणि तू पेपरात त्याला दर्यावीर करतेस!" आज सूपही घेतलं नाही.

मला अजून रडू नाही.

२ ऑक्टोबर

वाल्बुर्गाने केक केला! साठवलेली सगळी साखर घातली. "अशीच लहर आली," म्हणाली. माझ्याकडे बघेना.

३ ऑक्टोबर

कळलं. शत्रूच्या, इंग्रजांच्या रेडिओवर त्यांनी पकडलेल्या आपल्या खलाशांची नावं वाचतात. ऐकणाऱ्याला तुरुंग, कधी फाशी. तिने ऐकलं.

"आपल्या बोटीवरचे किती?"

"पाच."

"लुडोल्फ?"

तिने होकारार्थी मान हलवली. पुढचं विचारायचं धाडस झालं नाही. तिनेच माझे हात धरले — "दुसऱ्या दिवशी पुन्हा ऐकलं गं. आर्मिनसाठी. पाचच नावं होती."

९ ऑक्टोबर

रेडिओबद्दल लिहिलेलं आधीचं पान अजून जाळलेलं नाही. आज ते आणि हे, दोन्ही जाळते.

उद्या रविवार, चर्चमध्ये बोटीसाठी प्रार्थना. आम्ही आयांनी पहिल्या बाकावर बसायचं, नाझी पक्षाची माणसं समोर. वाल्बुर्गा आत्ताच येऊन गेली. काळा पोशाख घालून.

"गेझिना, मला रडता येणार नाही गं. तो जिवंत आहे, हे तोंडावर दिसेल त्यांना!"

"माझ्या खांद्यात तोंड लपव," म्हटलं. "दोघींचं मी रडेन."