आडगावातून पळालेली माणसं

माय,

आडगावची लढाई आज पुन्हा छापून आली आहे. दुपारी अमरावतीच्या वाचनालयात वर्तमानपत्र उघडलं आणि तुझा बाप जिथून परतला नाही ते रान समोर आलं. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी छापील कागद हातात घेतला की आधी तुझाच आवाज कानात येतो, "कोनं लिवलं हे? तो होता का तिथं?" या दोन प्रश्नांनी तू माझं भलं केलंस की वाटोळं, ते अजून कळलेलं नाही. लोक वर्तमानपत्र वाचून शहाणे होतात, मी ते वाचून नुसता चिडचिडा झालो. पंचांगात ग्रहण लिहिलेलं असलं तरी मी अंगणात जाऊन वर पाहतो.

अमेरिकेत भाऊबंद एकमेकांच्या जिवावर उठले होते आणि इकडे अकोल्यात कापसाला सोन्याचा भाव आला होता, त्या वर्षांची ही गोष्ट. मी अडत्याच्या दुकानात लिहायला होतो. तिकडची लढाई थांबली तर इकडचा भाव कोसळेल, या धास्तीनं शेटजी मुंबईहून वर्तमानपत्र मागवायचे आणि शिळं झालं की मला घरी नेऊ द्यायचे. तू ओसरीवर बसून चरकीवर कापसातली सरकी काढायचीस आणि मी मोठ्यानं वाचायचो. अशाच एका संध्याकाळी मी वाचतो आहे, की वऱ्हाडात आज जो सुकाळ दिसतो त्याचं मूळ साठ वर्षांपूर्वीच्या आडगावच्या लढाईत आहे. नागपूरकर भोसल्यांची फौज कंपनीच्या पलटणींपुढं घटकाभर लढली आणि मग पळाली. जिथं तोफा गाडल्या होत्या तिथं आज पांढराशुभ्र कापूस डुलतो आहे. तुझी चरकी थांबते. तू म्हणतेस, "पुन्यांदा वाच."

मी पुन्हा वाचलं, पण माझा आवाज तापला होता. कारण तुझा बाप त्या लढाईत होता. भोसल्यांच्या तोफा ओढणारे बैल हाकायला गावातून जी माणसं नेली, त्यांत तो आणि त्याचा धाकटा भाऊ होते. तू तेव्हा रांगत होतीस. भाऊ परत आला, बाप आला नाही. तोफेचा गोळा लागून तो पडला, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, असं तुझ्या काकानं सांगितलं. म्हणून पितृपक्षात तुझ्या बापाचं पान चौदसीला वाढायचं ठरलं. हत्यारानं मेलेल्यांचा तो दिवस. त्याला मुलगा नव्हता, म्हणून काकाच्या मागं ते पान तुझ्या मुलाच्या, म्हणजे माझ्या हातून जाऊ लागलं. बैल हाकणाऱ्याचा नातू असलो तरी त्या दिवशी मी शिपायाच्या नातवासारखा ताठ बसायचो.

पुढच्या वर्षी त्याच वर्तमानपत्रात त्याच दिवसांत तीच लढाई पुन्हा आली. या वेळी भोसल्यांची फौज पहिल्या आवाजालाच पळाली होती. तू लगेच पकडलंस. "मांगच्या साली घटकाभर लढले होते ना रे? यंदा तेवढंबी नाही?" त्याच्या पुढच्या साली तर त्यांनी हत्यारं टाकूनच पळ काढला. लढाई जितकी जुनी होत होती तितके आपले लोक जास्त जोरात पळत होते. त्याच कागदाच्या दुसऱ्या पानावर अमेरिकेतल्या एका मोठ्या लढाईचं आलं होतं, की जिथं माणसं पडली तिथं त्यांना रांगेनं पुरून दगडांवर नावं कोरली आहेत. ते ऐकून तू विचारलंस, "आडगावात कोनाकोनाची नावं लिवली?" मी कागदात शोधली. दोन-तीन साहेबांची होती. तू मान हलवलीस आणि पुन्हा चरकी फिरवायला लागलीस.

त्यानंतरचा पितृपक्ष लागला तेव्हा तू मला चुलीपाशी बोलावलंस.

"माह्या बापाचं पान यंदापासून चौदसीले नोको टाकू. आमोशाले टाक."

"काहून?"

"चौदस हत्यारानं मेलेल्याची. आमोशा ज्याचं काही मालूम नाही त्याची."

माझं डोकंच फिरलं. "कागदावाल्यानं लिवलं पयाले, अन् तुले पटलं? सोताच्या बापाले तू पळपुटा म्हनून राहिली?"

"त्या कागदावर माहा इस्वास नाही. अन् काकावरबी नाही. म्हने भावाले पडतानी पाह्यलं. तो तं सगळ्यायच्या आंधी गावात पोचला होता. पयता मानूस मांगं पाह्यते का रे?" मग तव्यावरची भाकर उलटत तू म्हणालीस, "अन् पयाला असन तं पयू दे ना. पयाला असन तं कुठी तरी पोचला असन."

मी जेवलो नाही. पान अमावास्येलाच वाढलं, कारण तुझ्यापुढं कुणाचं चालत नव्हतं, पण माझ्या मनात अढी बसली ती बसलीच. घरात पैसा खेळायला लागला, दाराशी गाडी आली, म्हणून तुला साहेबांचा कागद गोड लागला, असा तुझाच संशय मी तू जाईपर्यंत घेतला. बोललो नाही कधी. तुलाही तो कळला असणार.

आजच्या कागदात उलटंच लिहिलं आहे. कुणा आपल्याच माणसाचा लेख आहे. तोफा सुटताच आधी कंपनीच्याच पलटणी पळाल्या, त्यांना गोळा करून पुन्हा आणावं लागलं. आणि शेवटी भोसल्यांची फौज हटली तरी तोफांजवळची माणसं, अगदी बैल हाकणारेसुद्धा, जागा न सोडता तिथंच कापली गेली. माझी छाती फुगली. यंदा पान चौदसीला, असं मी मनात ठरवूनही टाकलं. मग तुझा प्रश्न आठवला. हाही तिथं नव्हता. पहिल्यानं साहेबाला बरं वाटावं म्हणून लिहिलं, यानं मला बरं वाटावं म्हणून लिहिलं. मला ते फारच बरं वाटलं, म्हणून तर संशय येतो.

आणि तिथंच बसल्या बसल्या मला ते गाडीवान आठवले. एलिचपूरकडून, बऱ्हाणपूरकडून कापसाच्या गाड्या यायच्या, बैल सोडून माणसं आपल्या निंबाखाली बसायची, आणि तू त्यांना ताक द्यायला जायचीस. "तुमच्या गावात आडगावाकडचा कोनी म्हतारा हाय का जी? लय म्हतारा?" दरवेळी हेच. माझी माय चौकस, असं म्हणून मी हसायचो. माय, तू साठी ओलांडली होतीस आणि अजून बापाला शोधत होतीस. त्या खोट्या कागदातला एकच शब्द तुला खरा व्हायला हवा होता. मला ज्या शब्दाची लाज वाटत होती, तोच. हे कळायला मला इतका उशीर व्हावा, याचं फार वाईट वाटतं गं.

पान अमावास्येलाच राहील. वर्तमानपत्र मी घडी करून जागेवर ठेवलं, घरी कुणाला सांगितलं नाही. तू असतीस तर वाचून दाखव म्हणाली असतीस, आणि मी दाखवलंही असतं, कंपनीच्या पलटणी पळाल्या इथपर्यंत. त्यापुढच्या ओळी मी गाळल्या असत्या. "बस? एवढंच?" असं तू विचारलं असतंस, तर म्हणालो असतो, एवढंच लिवलं हाय, माय.