गाडी न्हाऊनच जाते

मंगळवार, ४ मार्च

काय झालं ते आधी क्रमाने. राग नंतर.

१. जनावरांच्या डॉक्टरबाईंची गाडी इंजिन तापलं की बंद पडायची. कॅमशाफ्टचा सेन्सर तेलाने भिजला होता. शुक्रवारी मी तो बदलला.
२. गाडी तापवून, चढावर नेऊन पाहिली. ठीक चालली.
३. शनिवारी बाई गाडी घेऊन गेल्या.
४. काल ती भर रस्त्यात बंद पडली. बाई एका अडलेल्या गाईकडे निघाल्या होत्या. गाय वाचली. वासरू गेलं.
५. आज मामाने सगळ्यांदेखत सांगितलं, उद्यापासून तू काउंटरवर बसायचं. इंजिनाला हात लावायचा नाही.

गॅरेज मामाचं आहे, तेव्हा हुकूमही त्याचाच. पण सेन्सर मी बरोबर बसवला होता. जुनी रबरी रिंग काढली, नवीन घातली, बोल्ट हवा तेवढाच आवळला. हे मला ठाऊक आहे आणि मी ते गिळणार नाही!

फोरमनचं नाव पडलंय सायलेन्सर — कारण त्याला तो बसवलेलाच नाही. तो म्हणाला, "इंजिनिअरबाई, काउंटरवर पंखा आहे. मजा आहे तुमची."


बुधवार, ५ मार्च

काउंटरवर गेले. बसले नाही. दिवसभर उभी राहून फोन घेतले. चाकाची खुर्ची पायाने भिंतीकडे ढकलून दिली.

डॉक्टरबाईंचा फोन आला. मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "मला कारण हवंय. माफी नको."

मी म्हटलं, कारणच मिळेल.

गाडी ओढून आणून कोपऱ्यात लावली आहे. मामाने फोरमनला दुसरा सेन्सर घालायला सांगितलंय. म्हणजे झालं — नवा काढायचा, आणखी नवा घालायचा, आणि चूक पोरीची!

रात्री आई म्हणाली, भाऊ आहे तो माझा, उलट बोलू नकोस. मी म्हटलं, उलट नाही बोलले, सरळ बोलले. तिने माझ्या ताटात भाकरी जरा जोरातच टाकली.


गुरुवार, ६ मार्च

दुपारी सगळे जेवायला बसले तेव्हा कोपऱ्यातल्या गाडीचं बॉनेट उघडलं. हात लावायचा नाही म्हणाला होता. लावला.

सेन्सरला हात न लावता आधी त्याचा कनेक्टर काढला, वायर जिथे सेन्सरमध्ये खोचली जाते तो प्लास्टिकचा तुकडा. आत पाणी. पिनांवर हिरवट बुरशीसारखा थर चढायला लागलेला.

सेन्सरचं काम एवढंच, कॅमशाफ्ट कुठवर फिरला ते इंजिनच्या कॉम्प्युटरला सांगत राहायचं. कनेक्टरमध्ये पाणी शिरलं की निरोप मध्येच तुटतो. कॉम्प्युटर गोंधळतो, इंजिन मरतं. सेन्सर नवा असो की जुना.

पाऊस तर नाही. मग पाणी आलं कुठून?

आलं कुठून ते इथे सगळ्यांना माहीत आहे. "आपल्याकडून गाडी न्हाऊनच जाते!" — मामाचं वाक्य. काम झालं की तो पंप घेतो आणि इंजिनावर फवारा मारतो. स्वतः. दुसऱ्या कुणाला पंप देत नाही. जुन्या गाडीच्या कनेक्टरचं रबर कडक झालेलं असतं. पाऊस सोसतं, तो फवारा नाही.

फोरमनला विचारलं, शनिवारी धुतली ना ही गाडी? तो घास चावत राहिला. मग म्हणाला, "मालकाच्या पाण्याला नाव कोण ठेवणार? तुम्ही भाची आहात. मी नाही."

मी ठेवणार.


शुक्रवार, ७ मार्च

मामाला सांगितलं, उद्या सगळ्यांसमोर चाचणी. तो म्हणाला, काउंटर सोडायचं नाही. मी म्हटलं, मग बाईंना कारण तू सांग. तो पंपाची नळी गुंडाळायला लागला.


शनिवार, ८ मार्च

केली चाचणी.

कनेक्टर कोरडा केला, सेन्सर तोच ठेवला. सकाळभर इंजिन चालू. तापलं, पंखा लागला, बंद पडलं नाही. मग मामाला म्हटलं, आता नेहमीसारखं पाणी मार.

सगळे बघत होते. नाही म्हणता येईना. त्याने मारलं, अगदी मन लावून, कानाकोपऱ्यात. इंजिन पुन्हा सुरू केलं. थोडा वेळ ठीक. मग अडखळलं, खोकल्यासारखं केलं आणि गेलं.

कुणी बोललं नाही. फोरमनसुद्धा!

मी इथे थांबायला हवं होतं का? नाही थांबले. पाणी मी घातलं असं उद्या कुणी म्हणू नये, म्हणून मामाला सांगितलं, कनेक्टर तूच उघडून दाखव.

त्याने हात घातला. छोटा चाप असतो, अंगठ्याने दाबून धरायचा. अंगठा त्याच्यावर ठरेना. निसटला. पुन्हा निसटला. पूर्ण हात थरथरत होता. त्याने तो बाहेर काढला, "तूच काढ" म्हणाला, आणि हात धुवायला निघून गेला.

हात स्वच्छ होते.


रविवार, ९ मार्च

आईला विचारलं, मामाच्या हाताला काय झालंय?

"आत्ता दिसलं तुला? चहाचा कप दोन्ही हातांनी धरतो. पाना धरणं कधीच सुटलंय त्याचं."

मला मिलिमीटरचं अंतर दिसतं. हे दिसलं नव्हतं.

मामी त्याच्या मागे लागली होती म्हणे, आता काउंटरवर बसा. तो तिला म्हणाला होता, "तिथे बसलो की संपलो."

आणि तिथे मला बसवलं! बरोबर. खुर्ची रिकामी असेपर्यंतच त्याला भीती.

म्हणजे उरला फक्त पंप. प्रत्येक गाडीला त्याचा लागणारा तेवढाच हात.

कीव येत नाहीये. रागच येतोय, फक्त आता त्याची दिशा बदलली आहे. वासरू गेलं ते गेलंच, आणि ते माझ्या नावावर राहणार नाही.


सोमवार, १० मार्च

मामाला पाठवलेला निरोप, जसाच्या तसा:

मामा, डॉक्टरबाईंना कारण तू स्वतः सांग, आणि ते सांगताना फोरमन समोर असू दे. यापुढे इंजिन गार झाल्याशिवाय पाणी मारायचं नाही. कनेक्टर मी प्लास्टिकने बांधून देईन. मग पंप तुझा, त्याला दुसरं कुणी हात लावणार नाही. काउंटरवर मी बसणार नाही. तूही बसायचं नाहीस. माणूस ठेवू. हो की नाही ते गुरुवारपर्यंत कळव.