भरतीची वेळ

तीर्थरूप आबांस शंभूराजचा साष्टांग नमस्कार.

या बेटावरच्या रिसॉर्टात चहा अंगठ्याएवढ्या कपात देतात. कोरेगावात असा अन्याय झाला असता तर मोर्चा निघाला असता. बाकी मी नि तुमची सून मजेत. फोनला रेंज नाही, म्हणून पत्र बोटीबरोबर पाठवतोय. आईचा गुडघा कसा आहे?

उद्या वाटाड्याशिवाय, नुसत्या नकाशावर पलीकडच्या खारफुटीत फिरायचा बेत आहे. पाटीवर 'भरती सकाळी नऊ' वाचून मी म्हणालो, "इथंबी सैन्यभरतीला पोरं पळवतात व्हय?" मॅनेजर हसला नाही. "समुद्राची भरती, साहेब. वाळूची वाट बुडते. वेळ रोज बदलते." पाटीवरची तारीख गेल्या आठवड्याची होती.

आज त्या वाळूत कुणा दोघांची जातानाची पावलं दिसली, परतीची नाहीत. "पाण्यानं पुसली असतील," मॅनेजर म्हणाला. मग जातानाची कशी राहिली, ते मी विचारलं नाही.

दीपमाला म्हणते, "आवं, नकाशा किती घोकताय? चला की." पण तिला इथंच ठेवून आधी मी एकटा वाट तपासून येणार आहे. काळजी नसावी.

एक सांगायचं राहिलंय. साताऱ्याच्या सैन्यभरतीत, तुम्हाला सांगितलं तशी, माझी छाती कमी भरली नव्हती, आबा. रांगेतून मीच पळून आलो होतो.

तुमचा,
शंभूराज