बाही गेली, हात राहिला

तीर्थस्वरूप अक्का,

साष्टांग नमस्कार. (लिहायला साष्टांग. प्रत्यक्षात गुडघे वाकत नाहीत, तेव्हा जमली तेवढी अंगं स्वीकार आणि बाकीची मनोभावे समजून घे.) तुझं मनगट आता कसं आहे? प्लास्टर निघालं हे भाऊजींच्या फोनवरून कळलं. त्यांनी असंही सांगितलं की प्लास्टर निघालं तरी तू काही बाहेर निघत नाहीस. त्या काळ्या कुत्र्याने अंगावर येऊन तुला पाडलं, तेव्हापासून तुझ्या चपला कपाटात गेल्या आहेत आणि भाजीलासुद्धा तू भाऊजींनाच पिटाळतेस. भाऊजी कसली भाजी आणतात ते मला ठाऊक आहे. ती खाऊनही तू घरात बसतेस म्हणजे प्रकरण साधं नाही. पण मी त्या विषयावर एक अक्षर लिहिणार नाही. तुला उपदेश खपत नाही, त्यातून मी धाकटा. फोनवर तू नुसतं "बरं बरं" म्हणून ठेवून देतेस म्हणून हे पत्र, आणि तेही निव्वळ खुशाली कळवायला.

तर खुशाली अशी की मला डॉक्टरीणबाईंनी रोज सकाळी फिरायला सांगितलं आहे. उभा जन्म शिलाई मशीनसमोर बसून काढला, त्याची साखर आता रक्तात उतरली आहे म्हणे. दुकान सूनबाई बघते (काजं माझ्यापेक्षा बारीक करते, पण हे तिला अजून कळू दिलेलं नाही), त्यामुळे मला वेळच वेळ. गल्लीतून निघायचं, कोपऱ्यावर वळायचं, पुढे पाण्याच्या टाकीला वळसा घालून मैदानावर जायचं आणि परत यायचं. ऐकायला किती सोपं! पण कोपऱ्यावर इस्त्रीवाल्याची टपरी आहे आणि टपरीसमोर हवालदार बसतो. हवालदार म्हणजे एक तपकिरी, एक कान मोडलेलं कुत्रं. येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी केल्याशिवाय सोडत नाही म्हणून गल्लीने त्याला हे नाव ठेवलं. एरवी ही चौकशी वास घेण्यावर भागायची. पण थंडी पडायला लागली आणि स्वारीचं काय बिनसलं कोण जाणे, कोपऱ्याजवळ कोणी फिरकला की दात विचकून थेट अंगावर! पहिल्या दिवशी मी असा काही परतलो की हिने दार उघडून विचारलं, फिरून आलात की पाठवून दिलं?

आता अशी गोष्ट गल्लीत झाली की सल्ल्यांना काय तोटा. औषधवाल्याने सांगितलं, कुत्र्याच्या डोळ्यांत डोळे घालून बघा, ते आपोआप मान खाली घालतं. मी बघितलं. अक्का, त्याने मान खाली घातली नाही, उलट मी त्याच्या खानदानाबद्दल काही बोललो असावं अशा रागाने ते पुढे आलं. शेजारचे निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले, छाती काढून गर्जना करा. मी छाती काढली (जेवढी आहे तेवढी), गर्जनाही केली, पण आवाज वाटेत कुठेतरी अडकून इतका बारीक बाहेर पडला की टपरीतून इस्त्रीवाल्याने काळजीने विचारलं, "कोण रडतंय?" तिसऱ्या खेपेला मी पळालो. हा मात्र कोणाचा सल्ला नव्हता, हे माझं स्वतःचं. आणि सर्वांत वाईट तेच, कारण पळणारा माणूस दिसला की ज्या कुत्र्याला काही घेणं-देणं नाही तेही मागे लागतं. तुला माहीतच आहे. (नाही, तो विषय काढायचा नाही.)

शेवटी हिनेच मला समोर बसवून शिकवलं. पळायचं नाही. ओरडायचं नाही. डोळ्यांत बघायचं नाही, पण पाठही फिरवायची नाही. जरा तिरकं उभं राहायचं, हात छातीशी घ्यायचे, छत्री, पिशवी, जे हाताशी असेल ते मध्ये धरायचं आणि हळूहळू मागे सरकत निघून जायचं. धरलंच त्याने काही तर ते ओढायचं नाही, सोडून द्यायचं. दात लागलाच तर जखम साबणाने खळखळून धुवायची आणि तडक दवाखाना गाठायचा, बघू उद्या म्हणायचं नाही. मी थक्क झालो. म्हटलं, तुला हे सगळं कुठून ठाऊक? तर म्हणाली, शेवटचं दवाखान्याचं सोडलं तर तुमचा पारा चढला की मी दुसरं काय करते? मी मनातल्या मनात आमचा सगळा संसार तपासून पाहिला. खरंच, तिने मला कधी पाठ दाखवलेली नाही, आणि दर वेळी मध्ये काही ना काही धरलेलं असतं, बहुतेक वेळा चहाचा कप.

पण नुसतं शिकून मी बाहेर पडेन तर शिंपी कसला? दुकानात गिऱ्हाइकांनी न नेलेल्या कपड्यांचं एक कपाट आहे, त्यात एका पहिलवानाचा जाड लोकरी कोट वर्षानुवर्षं पडून होता. (माप देऊन गेला तो गेलाच. एक तर खूप बारीक झाला असेल किंवा आणखी जाड.) तो मी उसवला. बाह्यांना आतून बक्रमचं ताठ कापड लावलं, अस्तर आणि कापडाच्या मध्ये लोकरीच्या चिंध्या ठासून भरल्या. डावी बाही तर उशीएवढी फुगली. शिवून आरशासमोर उभा राहिलो तेव्हा मला स्वतःचीच भीती वाटली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोट चढवून शांतपणे निघालो. कोपऱ्यावर हवालदार उठला. मी तिरका उभा राहिलो, नजर त्याच्या पायांवर ठेवली आणि डावी बाही पुढे केली. त्याने ती धरली. आणि अक्का, त्याच क्षणी मला आठवलं की बाह्या कच्च्याच आहेत!

तू शिंप्याची मुलगी, तुला समजावून सांगायला नको. अंगावर घालून बघितल्याशिवाय बाहीला पक्की टीप मारायची नाही, हे बाबांनी आपल्या दोघांच्या डोक्यात किती घट्ट बसवलं होतं! गिऱ्हाईक येतं, घालून बघतं, मग पक्की शिलाई. आणि मी हा कोट कुत्र्यासमोर नेताना आपोआप, हाताच्या सवयीने, बाह्या कच्च्या धाग्यावर नुसत्या टाचल्या होत्या. फर्रकन आवाज झाला, खांद्यापासून बाही निघाली आणि हवालदार ती तोंडात धरून टपरीमागे दिसेनासा झाला. मी हात चाचपून पाहिला. होता. ओरखडासुद्धा नाही. पक्की टीप असती तर बाहीबरोबर मीही ओढला गेलो असतो, म्हणजे बाबांची शिस्त अशी कामाला आली.

घरी आलो, दुसरी बाही शिवली, मुद्दाम कच्ची. दुसऱ्या दिवशी तीही गेली. तिसरी गेली तेव्हा माझ्या डोक्यात आलं की हे कुत्रं मला चावायला येतच नाही, ते कपडे न्यायला येतं. सूनबाईला सांगितलं तर ती म्हणाली, बाबा, तुमचं शिवण इतकं आवडणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच बघते आहे. मग मी इस्त्रीवाल्याला बरोबर घेतलं आणि आम्ही लांबूनच, टपरीच्या खिडकीतून, मागे डोकावलो. तिथे एक मोडकं लाकडी कपाट आडवं पडलं आहे. त्यात माझ्या तिन्ही बाह्या शेजारी शेजारी अंथरलेल्या होत्या, आणि त्यांवर मुठीएवढी पिल्लं एकमेकांच्या अंगावर पडून झोपली होती. हवालदार त्यांना पाजत होता. म्हणजे होती. आम्ही सगळी गल्ली तिला इतके दिवस "तो" म्हणत आलो, आणि ती बिचारी थंडीत पिल्लांसाठी ऊब शोधत होती. अक्का, मला अगदी भरून आलं. जन्मभर शिवलं, पण माझ्या शिवणावर इतक्या निर्धास्तपणे कोणाला झोपलेलं मी पाहिलं नव्हतं.

उरलेला कोट मी लांबूनच कपाटाशी टाकून आलो. इस्त्रीवाला आता वाटेकडच्या बाजूला एक फळी उभी करून ठेवतो, म्हणजे जाणाऱ्यांची पावलं तिला दिसत नाहीत. मी कोपऱ्यावर पोचलो की ती उठते, माझ्याकडे बघते, मी दुसरीकडे बघतो, आणि ती परत बसते. एकमेकांची कदर करणाऱ्या माणसांनी जसं वागावं तसं आमचं चाललं आहे. पिल्लांचे डोळे उघडले. एकाचा कान आईसारखाच मोडका आहे.

बाकी सगळं ठीक. भाऊजींना नमस्कार सांग, आणि भाजी घेताना वांगी दाबून बघायला सांग.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. पत्रासोबत पार्सल आहे. एक कोट आहे, तुझ्या मापाचा. माप आठवणीनेच घेतलं; कंबर जुनीच धरली आहे, राग मानू नकोस. पिशवी तू उजव्या हातात धरतेस म्हणून डावी बाही फुगीर आणि कच्ची ठेवली आहे. तिला चुकूनही पक्की टीप मारू नकोस.

आणखी ता. क. आता खरं लिहितो. मी मैदानावर अजून एकदाही गेलेलो नाही. टाकीपाशी एक करडं कुत्रं असतं, त्याला पिल्लं नाहीत, त्याची कसलीच अडचण मला ठाऊक नाही. मी कोपऱ्यावरूनच परततो आणि हिला मैदानावर जाऊन आलो म्हणून सांगतो. ती माझ्या स्वच्छ बुटांकडे बघते आणि चहाचा कप मध्ये धरते. अक्का, शाळेच्या वाटेवरची लाकडाची वखार आठवते? वखारवाल्याचं कुत्रं साखळी तोडायला बघायचं. तू मला भिंतीच्या बाजूला घ्यायचीस आणि स्वतः कुत्र्याच्या बाजूने चालायचीस, माझा हात घट्ट धरून. तो हात थरथरायचा. मला इतकी वर्षं वाटायचं की थरथरणारा हात माझाच होता. परवा कोट शिवताना ध्यानात आलं की तो तुझा होता. म्हणजे तूही घाबरायचीस, आणि तरी रोज चालायचीस. तर तो कोट घालून थोडे दिवस इकडे ये. मला एकट्याला टाकीपुढे जायला होत नाही. या खेपेला तू भिंतीच्या बाजूने चाल, कुत्र्याच्या बाजूने मी चालतो.

(हात मात्र तूच धर.)