बॉनेटमध्ये चेहरा दिसला पाहिजे

शनिवार, ९ ऑगस्ट. सकाळ.
आजपासून रोजनिशी. मला अक्षर येत नाही, म्हणून सून लिहितेय, चिलेशे. नियम एकच. लिहिताना ती हात आहे, तोंड नाही. मी सांगायचं, तिने उतरवायचं. शंका आली तर गिळायची. मान्य म्हणाली. हेही लिही म्हटलं. लिहिलं.

विषय असा. नात मुताले हिचं लग्न ठरलंय. येत्या शनिवारी आम्ही बायकांनी रांधून सगळं नवऱ्यामुलाच्या घरी न्यायचं, म्पातामातुला. ह्या रीतीला आग दाखवणं म्हणतात. ते होईपर्यंत पोरगा आमच्या घरात पाण्यापलीकडे काही तोंडात घालू शकत नाही. चार महिने बिचारा दारात उभा राहून नुसता वास घेतोय.

भांडी न्यायची कशातून? मी म्हटलं, ह्यांच्या गाडीतून. कसोंदे, म्हणजे माझा मुलगा, म्हणाला, आई, व्हॅन सांगितलीय. ती गाडी सहा वर्षं आंब्याखाली उभी आहे, कधीकाळी लाल होती हे लोकांना तोंडाने सांगावं लागतं. अठरा तारखेला सकाळी आठला भंगारवाला येतोय.

भंगारवाला. त्या गाडीत पुढच्या सीटवर बसून मी अकरा वर्षं चर्चला गेले. हे गेले, पण सीटला माझ्या बसण्याचा खड्डा अजून तसाच आहे.

शर्त लावली. शनिवारी सकाळी बॉनेटमध्ये चेहरा दिसला तर भांडी गाडीतून, मी पुढच्या सीटवर, आणि भंगारवाला आला तसा परत. नाही दिसला तर व्हॅन, आणि मी गप्प.
कसोंदे म्हणाला, तू गप्प, हे बघायला मी व्हॅनचे डबल पैसे देईन.
इंजिन उत्तम आहे. तो महिन्यातून एकदा सुरू करतो, तिसऱ्या झटक्याला होतंच. दुखणं फक्त कातडीचं.

सोमवार, ११ ऑगस्ट.
मेण आणलं. सिकाझ्वेच्या दुकानात तीन प्रकार. एक बाटलीतलं, ताकासारखं पातळ. एक परदेशी डबा, झाडाच्या पानावरचं मेण म्हणे. त्या पैशात बोकड येतो, आणि बोकड निदान ओरडतो तरी. तिसरा चपटा डबा, पिवळ्या झाकणाचा, गरिबाला परवडणारा.
तिन्ही उघडून हुंगले. सिकाझ्वे म्हणाला, आजी, ते खायचं नसतं. म्हटलं, मी नाकाने वाचते, तू डोळ्यांनी वाचून काय मोठा बंगला बांधलास?
पिवळा घेतला. तो म्हणाला, झाकणावर लिहिलंय ते तेवढं कुणाकडून वाचून घ्या. म्हटलं, झाकण उघडायला असतं.

मंगळवार, १२ ऑगस्ट.
गाडी धुतली. आंब्याचा चीक जाईना, म्हणून पातेल्याची तारेची घासणी काढली. चीक गेला. बारीक रेघा आल्या, पण त्या एकाच दिशेने आहेत, शोभतात.
संध्याकाळी चिलेशेने झाकण वाचलं आणि डाव्या दिव्याजवळ तळहाताएवढ्या जागेवर मेण लावून बसली. बोटभर घेतलं, चोळलं, थांबली, मऊ फडक्याने पुसलं. झाकण म्हणतं, आधी एवढ्याशा जागेवर करून बघा. म्हटलं, बाई, आपल्याकडे अख्खी गाडी आहे, तू काय बाळाला तीट लावतेस? काही बोलली नाही. तेव्हा ती लिहीत नव्हती, तरी बोलली नाही. मनात ठेवते.

बुधवार, १३ ऑगस्ट. दुपार.
आज मी स्वतः. मेण देताना हात आखडायचा नाही, हा माझा स्वभाव. टपाला, दारांना, बॉनेटला, सगळीकडे बोटबोट जाड. ऊन मुद्दाम कडक निवडलं, म्हणजे आत मुरेल.
मुरलं नाही. पांढरं होऊन बसलं. पुसलं की फडकंच चिकटतं. मक्याच्या पिठाच्या न्शिमाचं पातेलं उतू जाऊन गाडीवर सांडलं असावं तसं दिसतंय. शेजारीण मला कसोंदेची आई म्हणूनच हाक मारते. कुंपणावरून म्हणाली, बाना कसोंदे, पीठ लावून झालं, आता तळणार कधी? म्हटलं, तुझ्याकडे तेल असेल तर दे.
मेणच खराब. सिकाझ्वेने फसवलं.
तीन दिवस राहिले. गुरुवार धरून. चिलेशे बोटं मोजून दाखवतेय की तीन नाही, शनिवार सकाळ धरली तर दोनच. ही हाताची खूण झाली, तोंड नव्हे, म्हणून चालवून घेतलं.

गुरुवार, १४ ऑगस्ट. पहाटे.
झोप नाही. पण उत्तर सापडलं.
खाणीच्या मॅनेजरच्या बंगल्यावर मी बावीस वर्षं व्हरांडा पुसला. सिमेंटच्या फरशीचं लाल पॉलिश, शाळांतही तेच. रोज. मॅडम त्यात वाकून केस नीट करायची. माझ्या स्वतःच्या व्हरांड्यावर माशी घसरते. गाडी लाल, पॉलिश लाल. देवाने समोर ठेवलं होतं आणि मी दुकानात नाक खुपसत होते.
ही गोष्ट घरात कुणाला कळू द्यायची नाही. विशेषतः सुनेला. ती लगेच डबा वाचेल. म्हणून पिवळ्या डब्यातलं उरलेलं मेण खरवडून जुन्या मगात घातलं, मग पलंगाखाली, आणि पिवळ्या डब्यात लाल पॉलिश भरलं. बघणाऱ्याला वाटेल आजी मेणच लावतेय.
चिलेशे, लिहिलंस ना? लिहिलं म्हणते.

शुक्रवार, १५ ऑगस्ट. संध्याकाळ.
जिंकले.
सकाळी रॉकेलच्या चिंधीने ते पांढरं काढलं. मग गुडघ्यावर बसून पॉलिश, अख्ख्या गाडीला, मग ब्रशने घासणं. दुपारपर्यंत गाडी अशी लाल झाली की कोंबड्यांनी तिकडे जाणं सोडलं.
कसोंदे कामावरून आला. बॉनेटसमोर उभा राहिला. त्याने दात काढले, बॉनेटनेही काढले. म्हणाला, दिसतो बुवा. मग नाक वर केलं. म्हणाला, शाळेच्या कॉरिडॉरचा वास का येतोय? म्हटलं, उत्तम मेणाला शाळेचाच वास असतो, तू शाळेत फारसा गेला नाहीस.
त्याने व्हॅनवाल्याला फोन करून नको म्हणून सांगितलं. माझ्यासमोर.
बोट लावलं तर अजून जरा ओलसर लागतं. व्हरांड्यालाही एक रात्र लागतेच.

शनिवार, १६ ऑगस्ट. सकाळी सात.
कोंबड्या शिजल्या. मानाचे म्हणून सुरवंटही शिजले. शेंगदाण्याच्या कुटातली भाजी, बीन्स, न्शिमा, सगळं झाकून, वर पांढरी भरतकामाची फडकी.
बोट लावलं. ओलसर. वारा सुटलाय, वाळेल.
हुकूम दिलाय: गाडीला कुणी हात लावायचा नाही. बायकांचं ठरलं होतं, सगळ्यांनी पांढरे ब्लाउज. सगळ्या पांढऱ्या आल्या. एक चिलेशे तेवढी जुनं गडद लाल चितेंगे गुंडाळून, वर लालच ब्लाउज. म्हटलं, सूनबाई, घरचंच कार्य आणि घरचीच बाई वेगळी? म्हणाली, पांढरं वाळलं नाही. दोन दिवस तर ऊन पडलंय, न वाळायला काय झालं?
निघतो. कसोंदे चालवतोय, मी पुढे, भांडी मागे, बाकीच्या बायका गाडीमागून चालत. खड्डा बरोब्बर बसला.

त्याच दिवशी. संध्याकाळ.
सांगते तसं लिही, शोभेल असं.
म्पातामातुच्या चढावर गाडी बंद पडली. इंजिन उत्तम आहे, चढ वाईट आहे. एक झटका. तीन. सात. वेळ झाली होती, तिकडे लोक दारात उभे, न्शिमा गार होतोय, आणि आग दाखवायला गार जेवण नेलं तर मुलीला जन्मभर ऐकावं लागतं. कसोंदे माझ्याकडे बघेना. मागून कुणीतरी म्हणालं, काय बघताय, ढकला. मी काचेतून हात लावू नका म्हणत होते. अकरा बायकांनी तळहात टेकले, खांदे टेकले, एकीने तर पाठ टेकली, आणि गाणं म्हणत गाडी वर नेली. गाणं छान झालं.
दारात पोचलो. त्याच हातांनी त्यांनी भांडी उचलली. त्याच हातांनी फडकी सारखी केली. मग रीतीप्रमाणे गुडघे टेकले आणि तळहात पोकळ धरून मानाच्या टाळ्या वाजवल्या. अकरा जणी. बावीस तळहात. लाल.
नवऱ्यामुलाची आई, बाना म्पुंडू, जुळ्यांची आई, मोठी मानाची बाई. तिने टाळ्या थांबवायला हात वर केला. म्हणाली, ताई, कोण जखमी झालं?
 मग ती माझ्याजवळ आली, वाकली, आणि मला हुंगलं. म्हणाली, मी एकोणीस वर्षं डॉक्टरांच्या बंगल्याचा व्हरांडा केला. हा वास मी मेले तरी विसरणार नाही. वर म्हणाली, सिमेंट पॉलिश पितं, म्हणून वाळतं. पत्रा काय पिणार?
मुताले मान खाली घालून बसली होती. रडत होती की काय ते बघायची माझी हिंमत झाली नाही.
मग पोरगा उठला. चार महिने वास घेतलेला पोरगा. न्शिमाचा गोळा घेतला. वर कुणाच्या तरी अंगठ्याचा गुलाबी ठसा. त्याने तो ठसा काढून टाकला नाही. भाजीत बुडवला आणि खाल्ला. म्हणाला, जेवण फार चांगलंय, थोडी शाळेची आठवण येते. पहिली मुताले हसली. मग बाना म्पुंडू. मग हात धुवायचं पाणी सातदा बदलावं लागलं.
एकंदरीत कार्यक्रम यशस्वी.

रविवार, १७ ऑगस्ट.
चर्चला चालत गेलो.
आल्यावर कसोंदे मला हाताला धरून गाडीपाशी घेऊन गेला. काल येताना रस्त्याची सगळी धूळ गाडीने अंगाला लावून घेतलीय. नांगरलेलं शेत दिसतंय. त्यात बावीस तळहात, दोन खांदे, एक पाठ. म्हणाला, आई, शर्त आठव. दिसतो का चेहरा?
मी फिरून बघितलं. सगळीकडे माती. डाव्या दिव्याजवळ मात्र तळहाताएवढा चौकोन स्वच्छ. पॉलिश तिथे टिकलं नव्हतं, धूळ बसली नव्हती. चिलेशेची तीट. वाकले. त्यात माझं तोंड. नाकावर लाल डाग, कालपासूनचा, कुणी सांगितलं नाही.
म्हटलं, दिसतो.
तो म्हणाला, नाक दिसतं. उद्या आठ वाजता भंगारवाला येतोय.

मग मी चिलेशेकडे बघितलं. तुला माहीत होतं, मी म्हटलं, गुरुवारपासून. म्हणून लाल नेसलीस. मग बोलली का नाहीस? म्हणाली, आई, तुम्हीच लिहून घेतलंय. हात आहे, तोंड नाही. पहिल्याच पानावर आहे, वाचून दाखवू?
नको म्हटलं.
पलंगाखालून तो मेणाचा मग काढायला लावला. अर्ध्याहून जास्त मेण आहे अजून. दुपार आहे, आंब्याची सावली आहे, मऊ फडकं तिच्याकडे आहे. उद्या आठपर्यंत किती तळहात होतात बघायचं. बॉनेट झालं तरी पुरे, शर्त बॉनेटचीच होती.
पिवळं झाकण तिच्या हातात दिलं. म्हटलं, वाच. म्हणाली, लिहू की वाचू?
वाच.
पहिलीच ओळ: अगदी थोडं घ्या.
पुढचंही ऐकलं सगळं. म्हटलं, हे लिहू नकोस. मान हलवली तिने. पेन अजून हलतंय असं वाटतं. मला काय कळणार.