सहा पेट्या, तीस दिवस, एक बिबट्या

२ जानेवारी २०२५, गुरुवार
स्वतःच्या हातानं बनवलेलं, यादी:
कॅमेरा पेट्या, सहा नग. बाहेरून विजेच्या मीटरचा डबा, आत जुन्या मोबाइलचा कॅमेरा, आपोआप लागणाऱ्या दिव्याचा सेन्सर, लॅपटॉपचे सेल. समोरून ऊब असलेलं काहीही गेलं की फोटो, खाली तारीख आणि वेळ.
काठी, एक. टोकाला सायकलची घंटा.
मानेचं कवच, एक. सहा इंची पीव्हीसी पाइप उभा चिरून, आतून चपलेचं रबर. बिबट्या मान धरतो. याला भीती म्हणत नाहीत, डिझाइन म्हणतात.
शबनूरनं कवच बघितलं. म्हणाली, अहो, मान वाचेल, पण पळताना मांडी मागेच राहणार ना? बायकोला इंजिनिअरिंग समजावण्यात अर्थ नाही.
कामाचं स्वरूप: मुळशी धरणाच्या वरच्या रानात जुईली मॅडमची भुकूमची संस्था जनावरं मोजतेय. विकतचे कॅमेरे महाग, म्हणून माझ्या सहा पेट्यांची तीस दिवस चाचणी. दर पाच दिवसांनी मी स्वतः जाऊन सेल बदलायचे, रजिस्टरमध्ये नोंद करायची. पास झालो तर चाळीस पेट्यांची ऑर्डर आणि अहवालात नाव. दहावी नापास, पौडात सव्वीस वर्षं पंपाच्या जळक्या मोटारी रिवाइंड करणारा माणूस, आणि पीएचडीवाले त्याचं नाव छापणार.

४ जानेवारी, शनिवार
सहाही पेट्या बसवल्या. जमिनीपासून ४० सेंटिमीटर, टेपनं मोजून. मॅडम आणि मी, वाटाड्या कुशाबा. वय साठ, वाडी रानाला लागूनच.
पेटी तीनपाशी विष्ठा. व्यास २.८ सेंटिमीटर, आत केस. कुशाबा म्हणाला, बिबट्याची हाय, सकाळचीच दिसतीया. हे त्यानं बाजारभाव सांगावा तसं सांगितलं.
पुढे मी दोघांच्या मध्ये चाललो. वाटेवर वजन समान राहतं.

९ जानेवारी, गुरुवार
पहिली तपासणी. एकटा. कवच, काठी, घंटा.
१०.१९ रानात प्रवेश. पेटी एक समोर दिसली. १०.२२ डावीकडून आवाज. भुंकणं म्हणावं तर कुत्र्याचं नाही. जोरदार, तुटक, सात वेळा. आठवा ऐकायला थांबलो नाही.
जाताना अकरा मिनिटं लागली होती, येताना चार. उतार आहे.
कुशाबा अंगणात बसून हसत होता. म्हणाला, युनूसभाय, भेकर व्हतं ते. शेरडायेवढं हरीण. त्यानं तुमाला बघून बोंब मारली न् तुमी त्याची ऐकून!
पुराव्याशिवाय मी मान्य करत नाही. तो आवाज वीस किलोच्या प्राण्याचा नव्हता.
गुडघा सुजला, म्हणून सेलची पिशवी कुशाबाकडे दिली. तासाभरात सहाही बदलून आला, अनवाणी. रजिस्टर: ९/१, पेट्या १ ते ६ तपासल्या. निरीक्षक: युनूस. काम माझ्या देखरेखीखाली झालं, तेव्हा नोंद बरोबर.
निश्चय: १४ ला स्वतः जाणारच.

१४ जानेवारी, मंगळवार
अनोळखी माणसाच्या वासानं जनावरं बिचकतात. सर्व्हेच्या हितासाठी मी व्हॅनमध्ये थांबलो, काचा वर. कुशाबा गेला. रजिस्टर: १ ते ६. युनूस.

१९ जानेवारी, रविवार
व्हॅन. काचा वर. सकाळी ११.०५ वाजता टपावर काहीतरी पडलं. जड, जिवंत. टप दोनदा दबला. मी सीटखाली गेलो. कवचासकट माणूस सीटखाली बसत नाही, पण गेलो. कलमा पुटपुटला. पोरीच्या, मन्तशाच्या, लग्नाचं अजून काहीच ठरलेलं नाही, हेही आठवलं.
११.४० काचेवर टकटक. मी हॉर्न दाबला तो सोडलाच नाही. काचेत कुशाबाचं तोंड. म्हणाला, वानर हाय वो वर, उंबरं खातंय. खाली काय हुडकताय?
स्क्रू, म्हणालो.
रजिस्टर: १ ते ६. युनूस.

२४ जानेवारी, शुक्रवार
व्हॅन रानापासून दोनशे मीटर मागे लावली. वळायला सोपं. १ ते ६. युनूस.

२९ जानेवारी, बुधवार
कुशाबा म्हणाला, आज तरी चला, मी म्होरं चालतो, तुमी माझं धोतर धरा. दुकानात सबमर्सिबल पंपाची मोटार अर्धी उघडी आहे, असं सांगितलं. खरंच उघडी आहे. १ ते ६. युनूस.

३ फेब्रुवारी, सोमवार
मॅडमनी काल पेट्या उतरवून आणल्या. आज भुकूमच्या ऑफिसात निकाल. शबनूरही आली, नवरा पास होताना बघायला.
तीस दिवसांत एकही पेटी बंद पडली नाही. साळिंदर. उदमांजर. भेकर, खरंच शेरडाएवढं. बिबट्या अकरा वेळा, मिशा मोजता येतील इतका स्वच्छ. पीएचडीवाले उठून पडद्याजवळ आले. एकानं माझा हात हातात घेतला.
मग तपासणीचे फोटो. पेटी उघडायला जो समोर येतो, त्याचाही फोटो निघतो. सर्किट माझंच.
९/१, १०.२२: माझी पाठ, एक चप्पल हवेत. त्यानंतर मी कुठेच नाही. ९/१, ११.४०: कुशाबा. १४/१: कुशाबा. १९/१: कुशाबा, कॅमेऱ्याच्या काचेत बघून मिशी सारखी करताना. २४, २९: कुशाबा, सोबत त्याची शेळी.
रजिस्टर टेबलावर उघडंच होतं. युनूस, युनूस, युनूस, युनूस, युनूस. मॅडम एकेका नावावर बोट ठेवत गेल्या. शबनूरनं पेढ्यांचा डबा परत पिशवीत घातला.

४ फेब्रुवारी, मंगळवार, दु. १२.१०
मॅडमचा फोन, स्पीकरवर. पेट्या पास. चाळीस हव्यात. रानात कुशाबा जाईल, पगारावर. काका, तुम्ही दुकानातच बसून बनवा. अहवालात नावही राहील. फक्त रजिस्टरमधल्या पाच तारखांपुढे खरं कारण लिहून सही करा. खोट्या नोंदीचं रजिस्टर पुढे पाठवता येत नाही.
काय लिहू, विचारलं.
म्हणाल्या, गेलो नाही, भीती वाटली. आम्हीही लिहितो, काका. मीच दोनदा लिहिलंय.
शबनूर शेजारीच उभी होती. पेनाचं टोपण तिनं आधीच काढलं होतं. म्हणाली, लिहा ना हो. चारच शब्द.
मी सांगितलं की मला भीती वाटली नव्हती, आणि न घडलेलं मी लिहीत नसतो.
प्रस्ताव नाकारला. गेलेली ऑर्डर: चाळीस पेट्या, दर पेटी ४,२०० प्रमाणे, एकूण एक लाख अडुसष्ट हजार रुपये.